रिकाम्या दिसणाऱ्या तासांचा हिशेब



शिक्षकाने आठवड्याला किती तास काम करावे, याचे उत्तर आपल्या कायद्यात लिहिलेले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली संमत केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शिक्षकासाठी आठवड्याचे किमान ४५ तास नमूद आहेत, आणि या तासांत पाठाच्या तयारीचा वेळ धरलेला आहे असेही तिथेच म्हटले आहे. त्याच अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, तर सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास शिकवले गेले पाहिजे. हे आकडे एकमेकांशेजारी मांडून पाहावेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २०० दिवसांचे तेहेतीस आठवड्यांहून थोडे अधिक होतात आणि ४५ तासांच्या हिशेबाने जवळपास १,५०० तास भरतात. त्यांतले ८०० तास वर्गात शिकवण्याचे. उरले ७००. वरच्या वर्गांसाठी हाच हिशेब केला तर १,६५० पैकी ६५० उरतात. कायदा करणाऱ्यांनी एवढा वेळ सहज सोडून दिलेला नाही. दर तासाच्या शिकवण्यामागे खालच्या वर्गांत पाऊण तासाहून अधिक आणि वरच्या वर्गांत त्याहून थोडा कमी वेळ तयारी, वह्या तपासणे, मागे पडलेल्या मुलाकडे वेगळे लक्ष देणे आणि पालकांशी बोलणे असावे, अशी त्यामागची समजूत आहे. आज मला बोलायचे आहे ते या उरलेल्या तासांबद्दल. माझे म्हणणे असे की महाराष्ट्रात शिक्षकांच्या कामाच्या बोजावर वीस वर्षे वाद चालला आहे, पण या तासांचा मालक कोण, हा प्रश्न कुणी नीट विचारलेला नाही. शिक्षक वर्गात उभा दिसत नसला की तो रिकामा आहे असे प्रशासनाने धरले, न्यायालयाच्या आदेशातही ते गृहीत राहिले, आणि आपण पालकांनीही तेच मानले.

नेहमीचा वाद कुठे अडकतो ते आधी पाहू. याच कायद्याचे २७ वे कलम सांगते की दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येणार नाही. या कलमामुळे सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरू लागली: अमुक काम शैक्षणिक की अशैक्षणिक? २०२३ मध्ये नवभारत साक्षरता कार्यक्रमातल्या निरक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षक संघटनांनी बहिष्कार टाकला, तेव्हा भांडण हेच होते. जानेवारी २०२४ च्या अखेरीस राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघरचे सर्वेक्षण झाले, तेव्हाही हेच. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने एक निर्णय काढून कामांची वर्गवारीच जाहीर केली. वर्गवारी झाली हे चांगलेच झाले. पण यादीने प्रश्न सुटत नाही, कारण एखादे काम शैक्षणिक ठरले की त्याला लागणारा वेळ कुणी विचारत नाही. ‘सरल’ या संगणकप्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती भरणे शैक्षणिक, ‘यूडायस’वर शाळेची माहिती भरणे शैक्षणिक, ‘अपार’ क्रमांक काढणे शैक्षणिक, आधारवरच्या नावात आणि दाखलखारीज रजिस्टरातल्या नावात एका वेलांटीचा फरक पडला म्हणून पालकाला तीनदा बोलावणे हेही शैक्षणिक. उपक्रमाचा फोटो काढून गटावर टाकणेही त्यातच. यांतले कुठलेच काम २७ व्या कलमाचा भंग करत नाही, आणि तरी सगळी मिळून ते ७०० तास खाऊन टाकतात.

हा केवळ तर्क नाही, याला आकड्यांचा आधार आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षिक योजना आणि प्रशासन संस्थेच्या, म्हणजे ‘नीपा’च्या, २०१८ मधल्या अभ्यासात शिक्षकाच्या वार्षिक शालेय वेळेची विभागणी केलेली आहे. प्रत्यक्ष अध्यापनाला १९.१ टक्के वेळ. अध्यापनाशी निगडित पण अध्यापनाबाहेरच्या कामांना ४२.६ टक्के. शाळेच्या इतर कामांना ३१.८ टक्के. आणि ज्यांच्याबद्दल सर्वांत जास्त ओरड होते त्या अन्य खात्यांच्या कामांना ६.५ टक्के. पहिला आकडा पाहून धक्का बसतो आणि वर्तमानपत्रांनी तोच मथळ्यात घेतला. मला शेवटचे दोन अधिक बोलके वाटतात. निवडणूक, सर्वेक्षण, मोहिमा यांनी घेतलेल्या वेळाच्या जवळपास पाचपट वेळ शाळा चालवण्याच्या इतर कामांनी, म्हणजे शिक्षण खात्याच्या आपल्याच घरातल्या मागणीने घेतला. बाहेरच्याला दारात अडवून हा प्रश्न सुटणार नाही.

न्यायालयाच्या ज्या आदेशाचा मी उल्लेख केला तोही पाहू. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात निवडणूक आयोगाला सांगितले की मतदारयाद्यांचे आणि निवडणुकीचे काम शिक्षकांना सुटीच्या दिवशी आणि अध्यापन नसलेल्या वेळी द्यावे, शिकवण्याच्या दिवशी सहसा देऊ नये. मुलांचा वर्ग बुडू नये ही त्यामागची काळजी अगदी रास्त होती. परंतु त्यातून निघालेला व्यवहार पाहा. वर्गाचा तास वाचला आणि काम सरकले ते वर्गाबाहेरच्या तासावर. दोन वर्षांनी झालेल्या कायद्याने त्या तासाला तयारीचा तास म्हणून मान्यता दिली, पण प्रशासनाची सवय आधीच पडली होती. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून शिक्षकाने यादी घेऊन घरोघर जायचे ते शाळा सुटल्यावर. त्यामुळे उद्याच्या पाठाचे टाचण कधी काढायचे, याचे उत्तर कुठल्याही आदेशात सापडत नाही.

आता हा हिशेब आपल्या भागात आणून पाहू, कारण पेण तालुक्यातल्या कासूसारख्या ठिकाणी तो सर्वांत जास्त बिघडतो. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे दोन माणसांनी पाच इयत्ता सांभाळायच्या. शिक्षकाचे वर्गातले तास तेवढेच राहतात, पण तयारी दुप्पट-तिप्पट होते: दुसरीचे वाचन, तिसरीचे गणित, चौथीचा परिसर अभ्यास, एकाच खोलीत, एकाच वेळी. संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, पटावर होते, पाठांवर होत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नाही, शिपाई नाही, आणि छोट्या शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापकही नाही. दोघांतल्या ज्येष्ठाकडे प्रभार. तो प्रभारी पंचायत समितीच्या बैठकीला पेणला गेला, किंवा जिल्हा परिषदेच्या कामाला अलिबागला गेला, की उरलेल्या एकाकडे पाचही वर्ग. मुंबई–गोवा महामार्गाचे पनवेल–इंदापूर रुंदीकरण २०११ पासून रखडत चालले आहे आणि कासू त्या टप्प्याच्या मधोमध आहे, तेव्हा तासाभराच्या बैठकीला इथल्या शिक्षकाचा दिवस का जातो ते तुम्हाला सांगायला नको. खारेपाटात बांधाला एक खांड पडली की खारे पाणी नेमके सखल शेतात आधी शिरते. द्विशिक्षकी शाळा हे या व्यवस्थेतले सखल शेत आहे.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो वजनदार आहे. २०२३ मध्ये छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची चर्चा निघाली तेव्हा राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचे समोर आले. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९,७०७ शिक्षक. सरासरी काढली तर शाळेमागे बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. सहा मुलांमागे एक शिक्षक असताना बोजा कसला, असा प्रश्न कुणीही विचारील. उत्तर असे की वर्गाचे काम मुलांच्या संख्येने कमी-जास्त होते, कागदाचे काम शाळेच्या संख्येने. बारा मुलांच्या शाळेला बाराशे मुलांच्या शाळेइतकीच प्रपत्रे येतात. पोषण आहाराचा तांदूळ, डाळ, तेल यांची नोंद रोज करायची ती मुले दहा असोत की तीनशे. शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र, ‘शालार्थ’चे पगारपत्रक, तपासणीचे दफ्तर, सगळे तसेच. मोठ्या शाळेत हे वीस जणांत वाटले जाते, छोट्या शाळेत दोघांत. म्हणून छोटी शाळा बंद करा, असा निष्कर्ष काही जण काढतात. डोंगरातल्या वाडीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला कागदपत्राच्या सोयीसाठी महामार्ग ओलांडून पाठवणे मला मान्य नाही. शाळा जवळच राहावी आणि दफ्तर एकत्र व्हावे. त्याकडे मी पुढे येतो.

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट शैक्षणिक-अशैक्षणिक यादीच्या पद्धतीत बसत नाही. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांतली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या मुलांचा माग ठेवणे, कुटुंब निघण्याआधी आजी-आजोबांकडे मूल राहील का ते विचारणे, भट्टीजवळच्या शाळेशी बोलणे, परत आल्यावर सुटलेला अभ्यास भरून काढणे: हे वर्गाबाहेरचे काम आहे, वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते ते शिक्षकाच्या कामाचा गाभा आहे. प्रत्यक्षात मात्र त्याला जो आकार येतो तो ‘शाळाबाह्य मुलांचा शोध’ नावाच्या मोहिमेचा. ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या प्रपत्रात, संख्या कळवायची. मूल शोधण्याचा वेळ संख्या कळवण्यात जातो. २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचेही असेच झाले. मुलाला एका परीक्षेवर तोलू नये, वर्षभर न्याहाळावे, ही कल्पना उत्तम. पण न्याहाळायला वेळ दिला नाही, आणि नोंदवह्या मात्र मागितल्या.

दुसरा आक्षेप सुट्यांचा. शिक्षकांना उन्हाळा मोकळा, दिवाळी मोकळी, मग तक्रार कशाची? महाराष्ट्रातल्या शाळांना रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्या देता येतात. रविवार मिळवले तर १२८. शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे; शनिवार-रविवारचे १०४ दिवस आणि सार्वजनिक सुट्या मिळवल्या तर त्यांचाही आकडा जवळपास तिथेच पोचतो. शिवाय इतर कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा मिळते, दीर्घ सुटी असलेल्या शिक्षकाला तशी मिळत नाही. त्या कार्यालयांचे दैनिक तास वाढवलेले आहेत हे खरे. पण ‘शिक्षक अर्धे वर्ष घरी’ ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप गैरहजेरीचा, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत चारांतला एक शिक्षक जागेवर नव्हता. महाराष्ट्राचा आकडा तेव्हाही पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी, साधारण १५ टक्के होता. पुढे २०१७ मध्ये अझीम प्रेमजी प्रतिष्ठानाने सहा राज्यांतल्या ६१९ शाळांत पाहणी केली आणि नसण्याची कारणेही विचारली. १८.५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते, पण विनाकारण गैरहजर होते ते २.५ टक्के. बाकीचे रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारी कामाला. कामचुकार शिक्षक आहेत, त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण रिकामी खुर्ची पाहून आपण ज्याला दोष देतो, त्याला तिथून बहुधा आपल्याच यंत्रणेने उठवलेले असते.

चौथा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्या मागे महात्मा फुले उभे आहेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षकाचा पगार महिना १२ रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो १५ ते २० असावा असे सांगितले. त्याच निवेदनात त्यांनी असेही सुचवले की गावाचे हिशेब तपासणे, दस्त नोंदवणे, टपाल सांभाळणे, मुद्रांक विकणे ही कामे शिक्षकाकडे दिली तर त्याची प्रतिष्ठा वाढेल आणि गावावर त्याचा चांगला परिणाम होईल. मग शिक्षकाला गावाच्या कारभारापासून तोडावे का? मी तसे म्हणत नाही. जोतीरावांनी सुचवलेल्या कामांत अधिकार होता, आणि त्यांच्या निवेदनात ती पगाराच्या मागणीला जोडून आलेली आहेत. टपाल खात्याने पुढे कित्येक गावांत शाळामास्तरालाच शाखा टपाल कार्यालय सोपवले, त्याचा वेगळा भत्ता मिळे. आजच्या कामांत अधिकार नाही. तातडीचे टपाल दुपारी बाराला येते, माहिती दोनपर्यंत हवी असते, आणि तीच माहिती गेल्या महिन्यात दुसऱ्या नमुन्यात दिलेली असते. अशा कामाने शिक्षकाची गावातली पत वाढत नाही.

असे फुकटचे काम का वाढते, हे जपानने फार स्पष्ट दाखवले आहे. ‘ओईसीडी’च्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय शिक्षक पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा निघाला, सहभागी देशांची सरासरी ३८.३ असताना. त्यांतले शिकवण्याचे तास अवघे १८, म्हणजे सरासरीहूनही कमी. तिथे १९७१ च्या कायद्याने शिक्षकांना जादा कामाचा मोबदला देण्याऐवजी पगाराच्या ४ टक्के ठोक रक्कम ठरवली. जादा तासाला किंमत उरली नाही, म्हणून तो मोजण्याचीही गरज उरली नाही, आणि पन्नास वर्षे काम वाढत राहिले. २०२५ मध्ये हा दर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर नेण्याचा कायदा त्यांना करावा लागला. इंग्लंडने दुसरी वाट धरली. २००३ मध्ये सरकार आणि बहुतेक शिक्षक संघटनांत करार झाला, कारकुनी कामांची यादी शिक्षकांकडून काढून सहायक कर्मचाऱ्यांकडे देण्याचे ठरले, आणि सप्टेंबर २००५ पासून वेळापत्रकातल्या अध्यापनाच्या १० टक्के वेळ तयारीसाठी राखीव झाला. तिथली तक्रार त्यामुळे संपली नाही, पण त्या वेळेत शिक्षकाला दुसऱ्या वर्गावर पाठवता येत नाही, ही हमी मिळाली.

आपल्याकडे काय करता येईल? राज्यात शाळांच्या गटांची ४,८६० केंद्रे आहेत, साधारण दहा शाळांमागे एक. प्रत्येक केंद्राला संगणक जाणणारा एक पूर्णवेळ लिपिक द्यावा, ज्याने दहाही शाळांचे ऑनलाइन काम, पोषण आहाराचा ताळेबंद, पगारपत्रके आणि दाखले सांभाळावेत. महिना २० हजार रुपये वेतन धरले तरी राज्याला वर्षाला सुमारे ११७ कोटी लागतील. शालेय शिक्षणावर हजारो कोटी खर्च करणाऱ्या राज्याला हे झेपणारे आहे, आणि या रकमेतून जे परत मिळते ते शिक्षकाचे तास आहेत, ज्यांचा पगार आपण आधीच देतो. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत २०२४ मध्ये काही तरुण शाळांत आले, पण तेव्हाच्या सहा महिन्यांच्या मुदतीत काम समजेपर्यंत निघायची वेळ झाली; इथे कायम माणूस हवा. ‘गावात दुसरे आहे कोण?’ असे विचारून हे काम आशा किंवा अंगणवाडी सेविकेवर ढकलू नये. त्यांच्यावर आधीच कमी मानधनात जास्त काम आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिक्षकाकडून काम मागणाऱ्या प्रत्येक आदेशावर त्याला किती तास लागतील आणि ते वर्षाच्या १,५०० तासांतून कशाच्या बदल्यात घ्यायचे, हे छापलेले असावे. जनगणना हवीच आहे. २०२७ च्या जनगणनेत शिक्षक लागतील, आणि ते राष्ट्राचे काम आहे. पण तिचे तास मोजले तर त्या वर्षी दुसरे उपक्रम कमी करावे लागतील, हे कुणाला तरी ठरवावे लागेल. आज ते कुणीच ठरवत नाही, म्हणून नकळत पाठाची तयारी कमी होते. द्विशिक्षकी शाळेसाठी केंद्राला एक फिरता शिक्षक जोडावा. कला, खेळ, कार्यानुभव त्याने घ्यावेत आणि त्या वेळेत वर्गशिक्षकाने टाचण करावे, वह्या पाहाव्यात, मागे पडलेल्या चार मुलांना घेऊन बसावे.

शिक्षकाच्या वेळेच्या या मागणीमागे जुना विचार आहे. विनोबा भाव्यांचा जन्म आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, १८९५ चा. १९६८ मध्ये त्यांनी बिहारमधल्या कहलगावला आचार्यकुलाची स्थापना केली, तेव्हा त्यांचे म्हणणे होते की न्यायखात्याप्रमाणे शिक्षणही सरकारी हुकमतीपासून स्वतंत्र असावे. ते स्वातंत्र्य विचारांचे होते, अभ्यासक्रमाचे होते. मी त्यात वेळेची भर घालीन. न्यायाधीशाचा पगार सरकारच देते, पण दोन सुनावण्यांच्या मधल्या वेळात त्याने सर्वेक्षणाला जावे असे कुणाच्या मनात येत नाही, कारण तो वेळ निकालाचा विचार करण्यासाठी आहे हे सर्वांना मान्य आहे. तिसरीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी का जमत नाही, याचा विचारही वेळ मागतो.

शासन हे कधी करील ते करो. गावाच्या हातात काही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. शिक्षकांवर अशैक्षणिक कामे लादली जात नाहीत ना, हे पाहण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या आदर्श नियमांनी याच समितीवर टाकली आहे. आपले आराखडे बहुतेक वेळा खोल्या, संरक्षक भिंत आणि शौचालये यांपाशी थांबतात. येत्या आराखड्यात शिक्षकांच्या वेळेचे एक पान असावे: या वर्षात कोणत्या तारखांना, कोणत्या कार्यालयाने, किती तासांसाठी शिक्षकाला वर्गातून किंवा तयारीतून उठवले. ही नोंद पालक सदस्यांनी ठेवावी, शिक्षकाने नव्हे. वर्षअखेरीस ते पान ग्रामसभेत वाचावे आणि ठरावासह पेणला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावे. कासूच्या आसपासच्या दहा शाळांनी एक वर्ष हे केले, तर तालुक्याला उत्तर द्यावे लागेल असा पहिला लेखी हिशेब तयार होईल.